सोळा पानं आणि एक कूलर

एका फ्रेममध्ये सोळा पानं बसतात. पोस्टाच्या तिकिटांच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच उतरायचं म्हणून मी एकच फ्रेम घेतली आणि विषय ठरवला रंगमंच: बॅले, ऑर्केस्ट्रा, नाटक. घरी सांगितलं तर काका म्हणाले, "ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला का?" त्यांचंही चूक नाही. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की किशोरकुमारची गाणी आणि ऑक्टोपॅडच. मग त्यांना बीथोवनचं तिकीट दाखवलं. जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून भारतीय डाक विभागानं 1970 मध्ये काढलेलं, दीड रुपयाचं. "आपल्या पोस्टानं? काहून बे?" याचं उत्तर मलाही देता आलं नाही.

तिकिटं जमवायला फारसा त्रास झाला नाही. नवी सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून घेतली, जुनी ओळखीच्या संग्राहकांकडून. सोव्हिएत बॅलेची तर ढिगानं मिळाली, कोपऱ्यात सुबक गोल शिक्का मारलेली. मी खूश! एका जुन्या संग्राहकांनी त्यातलं एक चिमट्यानं उलटं केलं. मागे गोंद जसाच्या तसा. "हे कधी पाकिटावर चिकटलंच नाही," ते म्हणाले. अशी तिकिटं छापल्याबरोबर गठ्ठ्यानं शिक्के मारून संग्राहकांना स्वस्तात विकायचे. आखाती अमिरातींनी साठ-सत्तरच्या दशकात केवळ संग्राहकांसाठी काढलेली चकचकीत तिकिटंही त्यांनी बाजूला ठेवायला लावली. सोळाची सहा पानं उरली.

तशात मे महिना. नागपुरात मे महिन्यात कूलरशिवाय बसणं शक्य नाही, आणि मी पानं मांडली ती नेमकी कूलरच्या समोर. दोन दिवसांनी बीथोवन पानाला घट्ट चिकटलेला. दमट हवेनं गोंद ओला झाला होता. ओढलं असतं तर कागदाचा पापुद्रा निघाला असता, म्हणून तेवढा तुकडा कापून कोमट पाण्यात सोडला. वीस मिनिटांनी तिकीट आपसूक सुटून तरंगलं. पालथं घालून टिपकागदात ठेवलं, वर जाडजूड शब्दकोश. काका डोकावले, "तिकिटं वाळू घालून राहिला का?" तिकीट वाचलं, गोंद मात्र गेला. कोऱ्या तिकिटाचा गोंद गेला की किंमतही जाते.

खरी डोकेफोड पुढेच होती. बॅलेवरून आपल्या रंगभूमीवर यायचं कसं? बालगंधर्वांचं 1988 चं तिकीट हाताशी होतं, पण 'स्वान लेक'शेजारी ते उपरं वाटायचं. सुटका केली उदय शंकर यांनी. 1923 मध्ये लंडनला त्यांनी रशियन बॅले-नर्तकी ॲना पावलोवासाठी राधा-कृष्णाचं नृत्य बसवलं आणि तिच्यासोबत स्वतः नाचले. त्यांच्यावरचं तिकीट 1978 चं. ते मध्ये ठेवलं, त्याला लागून 1975 ची शास्त्रीय नृत्यांची सहा तिकिटं, मग बालगंधर्व. एवढ्यासाठी तीन रात्री गेल्या.

फ्रेममध्ये तिकिटाची पाठ कोणाला दिसत नाही. परीक्षकांनी बीथोवनच्या गोंदाचं विचारलं असतं तर खरं सांगणार होतो. त्यांनी विचारलं नाही. ब्राँझ मिळालं. शेरा होता: मजकूर फार, तिकिटं कमी.