नान्नजच्या बागा आणि तुळजापूरचा घाट : या सीझनच्या रनिंगची नोंद

मंडळी, द्राक्षाची काढणी संपत आली, रस्त्यावरची पिकअपची गर्दी कमी झाली, म्हटलं आता या सीझनची नोंद एकदा नीट टाकूया. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माझे जवळपास सगळे लाँग रन दोनच बाजूला झालेत, एक बार्शी रोडला नान्नज-वडाळ्याच्या बागांतनं आणि दुसरा तुळजापूरच्या घाटात. सोलापुरात राहून मॅरेथॉनची तयारी करायची असेल तर या दोन रूटला तोड नाही हे मी छातीठोकपणे सांगतो. शहरात आपल्याला कंबर तलाव आहे, सिद्धेश्वर तलावाची बाजू आहे, पार्क स्टेडियमचे राऊंड आहेत, सगळं चांगलंय पण सगळं सपाट, आणि मॅरेथॉनचे शेवटचे दहा किलोमीटर मारायला पायात जी ताकद लागते ती सपाटीवर येत नाही.

आधी बागांचं सांगतो. मी बाईक कारंब्याच्या पुढं कुठंतरी ओळखीच्या वस्तीवर लावतो आणि गुळवंचीवरनं नान्नज, तिथनं पाणंद रस्त्यानं आत. डांबरी रस्ता सोडून पाणंदीला लागलं की खरी मजा, दोन्ही बाजूला मांडव, मधी मुरमाड वाट, पायाला मऊ आणि गुडघ्याला एकदम सोयीची. फक्त पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस तिकडं जाऊच नका, आपली काळी माती बुटाच्या तळाला अशी धरते की पाय उचलवत नाही. तेव्हा मुरमाचा नाहीतर डांबरीच रस्ता बरा.

आता मुद्द्याचं. हा रूट कधी पळायचा हे आपल्या ट्रेनिंग प्लॅनवर ठरवू नका, बागेच्या कामावर ठरवा. या सीझनला मी हेच केलं आणि त्यानं फार फरक पडला.

ऑक्टोबरला फळछाटणी, कुणी सप्टेंबरअखेर धरतं, कुणी पावसाचा अंदाज घेऊन लांबवतं. छाटलेली बाग म्हणजे नुसत्या काड्या आणि तारा, अख्खं रान आरपार दिसतं, आणि कापलेल्या काडीच्या टोकाला वेलीतलं पाणी थेंब धरून उभं असतं, ऊन वर आलं की ओळच्या ओळ चमकते. पण याच दिवसांत पेस्टिंग चालतं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्यात रंग कालवतात म्हणजे कुठला डोळा झाला, कुठला राहिला ते लगेच कळतं. लावणाऱ्या बायकांच्या हातमोज्यांची बोटं लालभडक झालेली असतात. हे औषध चांगलंच विषारी, ते लावणाऱ्याला त्या दिवशी दारूला शिवू नको म्हणून बजावतात कारण दोन्हीचं मिळून अंगावर येतं. तर पेस्टिंग चालू असलेल्या बागेच्या कडेनं धापा टाकत पळायचं नाही, लांबनं जायचं, सरळ.

त्यानंतर पुढचे दीड-दोन महिने फवारणीचे. डाऊनी आणि भुरी, द्राक्षावरचे हे दोन बुरशीचे रोग, दोन्हीची धास्ती, ढगाळ हवा आली की लगेच ट्रॅक्टर आणि ब्लोअर बाहेर. अडचण अशी की फवारायला वारा पडलेला लागतो म्हणून शेतकरी सकाळी लवकर निघतो आणि आपणही त्याच वेळेला निघतो. ब्लोअरचा फवारा मांडवाच्या वरनं बाहेर येतो, वाऱ्याची जराशी झुळूक असली तरी रस्त्यावर येतो. नान्नजच्या अलीकडं एक तात्या आहेत, बांधावर बसलेले असायचे, त्यांना मी एकदा थांबून विचारलं की तात्या, तुमच्या बाजूला फवारा कधी असतो, तर म्हणाले, "उद्या येऊ नका पाव्हणं, उद्या फवारा हाय. परवा या निवांत." तेव्हापासनं मी पळून परत येताना वाटेतल्या दोन-तीन वस्त्यांवर विचारूनच जातो. कुणाला त्रास वाटत नाही, उलट बरं वाटतं त्यांना, आणि आपला पुढचा रन कुठल्या बाजूला ते तिथंच ठरतं. नोव्हेंबरमध्ये म्हणून मी बागेतले रन कमी केले आणि घाट वाढवला, ते पुढं लिहितो.

डिसेंबर-जानेवारी म्हणजे या रूटचं सोनं. थंडी, पानांनी भरलेला मांडव, घड लोंबायला लागलेले, विरळणी (घडातले जादा मणी काढणं) चाललेली, बांधाच्या पलीकडं ज्वारी हुरड्यात आलेली. सकाळी सहाला निघालं तर बारा-पंधरा किलोमीटर कसे जातात कळत नाही. माझा सोपा पेस (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) ऑक्टोबरला सातच्या वर होता, जानेवारीत त्याच हार्ट रेटला साडेसहावर आला, आणि यात स्पीडवर्क काहीच नाही, नुसतं थंडीत, मऊ वाटेवर, सावकाश आणि नियमित. फेब्रुवारीत घडांना रद्दी पेपर गुंडाळलेले दिसतात, उन्हानं मणी खराब होऊ नयेत, रंग फिरू नये म्हणून. पेपर लागले की समजायचं, काढणी आता जवळ.

नान्नजमधनं पळताना मला दरवेळी एका गोष्टीचं भारी वाटतं. सोनाका आणि शरद सीडलेस, या दोन्ही जाती याच गावच्या नानासाहेब काळेंनी काढलेल्या आहेत. थॉम्पसन सीडलेसच्या वेलींत वेगळी निघालेली वेल हेरून लांब मण्याचा सोनाका, आणि किशमिश चोर्नीपासनं काळा शरद. प्रयोगशाळा नाही, मोठी संस्था नाही, स्वतःच्या बागेत डोळे उघडे ठेवून केलेलं काम. आज कुठं कुठं लागल्यात या जाती! आपण ज्या वाटेनं पळतो त्या गावची ही ओळख आपल्याला माहीत पाहिजे, माझ्यासोबत नवीन कुणी आलं की मी हे पहिल्याच किलोमीटरला सांगतो.

आणि तिथंच माळढोकचं अभयारण्य, १९७९ चं. माळढोक मला दिसलेला नाही, काळवीट मात्र भरपूर, एकदा कळपच्या कळप रस्ता ओलांडून गेला, नर काळाकुळकुळीत, मी जागेवर उभा राहिलो, घड्याळ बंद केलं. अभयारण्याच्या आतल्या माळावर परवानगीशिवाय पळायला जाऊ नका, बाहेरच्या रस्त्यावरनं जेवढं दिसतं तेवढं पुष्कळ आहे. आणि स्पीकरवर गाणी लावून तर अजिबातच नको, गवतात अंडी घालणारे पक्षी आहेत ते.

बागेत शिरण्याबद्दल पण एक. घडाला हात लावू नका, फोटोसाठी सुद्धा. मण्यावर जो पांढरट थर असतो तो बोटानं पुसला जातो आणि व्यापारी तेवढ्यावरनं भाव पाडतो. खायचं असेल तर मागा, घरचा माणूस असला तर मूठभर काय, अर्धा किलो हातात देतो.

आता घाट. सोलापूर समुद्रसपाटीपासनं साधारण साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर आणि तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास, बालाघाटाच्या डोंगरावर. अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, त्यामुळं हिप्परग्याचा तलाव, उळे, कासेगाव, तामलवाडी इथपर्यंत चढ जाणवतच नाही, आणि मग सिंदफळ सोडलं की रस्ता डोकं वर काढतो. मी सगळा रस्ता पळत नाही, हायवे आहे, ट्रक आहेत. गाडीनं सिंदफळला जातो, तिथनं वॉर्मअप करून घाट वर, घाटशीळच्या बाजूनं गावात, आणि परत खाली. पूर्ण तयारी झाली की हेच दोनदा.

नोव्हेंबरला घाटात अर्ध्यावर मला चालायला लागायचं, हार्ट रेट थेट १७५ ला. मग पेस बघणं सोडलं, घड्याळाचा स्क्रीनच बदलला, फक्त हार्ट रेट ठेवला आणि ठरवलं की १५५ च्या वर गेला की पावलं आखूड करायची, थांबायचं नाही. पावलं आखूड, हात जरा जास्त हलवायचे, कंबरेतनं वाकायचं नाही, घोट्यातनं किंचित पुढं झुकायचं, नजर पंधरा-वीस पावलं पुढं. डिसेंबर संपता संपता पूर्ण घाट न चालता वर झाला. आता फेब्रुवारीपासनं दुसरी फेरी पण पळतच होते, पेस आठच्या आसपास असतो आणि मला त्याचं काही वाटत नाही, घाटात तेवढाच असायला पाहिजे. उतरताना मात्र सावकाश, मांडीचे पुढचे स्नायू उतारावरच फाटतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. उतारावर लांब टाच टाकून ब्रेक मारत येऊ नका, छोटी आणि भरभर पावलं, त्यानं गुडघ्यावरचा दणका निम्मा होतो असं माझं मत झालंय.

या रस्त्याचं एक वेगळंच आहे. कोजागिरीच्या आसपास लाखो माणसं सोलापूरहून तुळजापूरला चालत जातात, वाहतूक दुसरीकडनं वळवतात, रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला. त्यात साठीच्या बायका अनवाणी चालत असतात आणि आपण जेल (पळताना खायची एनर्जीची पाकिटं), सॉक्स, बूट यावर चर्चा करतो. यंदा मी पळालो नाही, घरच्यांसोबत चाललो, आईला पुढं घालून, आणि तो माझ्या हिशोबानं सीझनमधला सगळ्यात लांब आणि सगळ्यात उपयोगाचा दिवस, इतके तास पायावर राहायची सवय दुसऱ्या कशानं लागत नाही. मॅरेथॉनपेक्षा लांब पळणाऱ्या अल्ट्रावाल्यांनी याचा जरूर विचार करावा.

खाण्याचं बोलायलाच पाहिजे कारण सगळे विचारतात. मी जेल बंद केलेत, बेदाणा घेतो. तीस ग्रॅम बेदाण्यात बावीस-चोवीस ग्रॅम कार्ब येतात, म्हणजे जवळपास एका जेलएवढे, आणि किंमत किरकोळ. दर पाऊण तासाला छोटी मूठ, सोबत पाणी हवंच, कोरडा खाल्ला तर पोटात बसतो. आधी छोट्या रनला खाऊन बघा, काहींना फायबरनं पोट ढवळतं. बेदाणा घ्यायला मी मार्चमध्ये पंढरपूरच्या कासेगावला जातो (तुळजापूर रोडवरचा नव्हे, तो वेगळा), तिकडं शेडवर जाळीच्या रॅकमध्ये एकावर एक थर, खाली उभं राहिलं की सगळीकडं हिरवट-पिवळा उजेड. त्या भागात पण एकदा पळून झालं, बागा मस्त, पण शेडवर गंधकाची धुरी चालू असली तर घसा धरतो, वाऱ्याची दिशा बघून रूट धरा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तर तिकडं पळूच नये.

पुढचं असं आहे. एप्रिलला खरड छाटणी (काढणीनंतरची छाटणी), मांडव परत उघडा, सावली शून्य आणि पारा चाळीसच्या पुढं, तेव्हा नान्नज बंद. पहाटे साडेचारला हिप्परग्याच्या बाजूला आठ-दहा किलोमीटर, आणि पंधरवड्यातनं एकदा घाट, तोही उजाडायच्या आत वर पोचायचं. जूनमध्ये पाऊस झाला की काटी-सावरगावची बाजू बघायचीय, तिकडं बागा पण आहेत आणि चढउतार पण, म्हणजे दोन्ही एकाच रनमध्ये. तिकडचा कुणी असेल तर पाणंद कुठली चालू आहे, कुत्र्यांचा त्रास कुठल्या वस्तीवर आहे आणि पाणी कुठं मिळेल एवढं सांगा. आणि घाटाला सोबत यायचं असेल तर येत्या रविवारी पावणेपाचला सिंदफळ, हेडलॅम्प आणि रिफ्लेक्टर जॅकेट सक्तीचं, त्याशिवाय मी हायवेवर कुणाला पळू देणार नाही.