मागच्या रांगेतला गंधार

आमच्या गावात भजनाला उभं राहायची एक रीत आहे. पुढं बुवा, बाजूला पखवाज आणि मागं टाळकऱ्यांची रांग. बुवा चरण म्हणतात, मागचे धृपद उचलतात. माझे वडील, आण्णा, त्या रांगेत उजवीकडून दुसरे. मी सातव्या वर्षापासून त्यांच्या डाव्या हाताला. एकट्यानं अभंग म्हणायची पाळी आम्हा दोघांवर कधी आली नाही आणि आण्णांनाही त्याची कधी खंत वाटली नाही. ते एवढंच म्हणायचे, "मागच्यानं सूर सोडला की म्होरला पडतो."

नामदेवांची नर्सी आमच्या जिल्ह्यातली. एकादशीला तिथं शे-दोनशे टाळ एकदम वाजतात. त्यात वाढलेल्या माणसाला अमेरिकेतल्या सिएटलच्या फ्लीट फॉक्सेस नावाच्या एका बँडनं चौदा-पंधरा वर्षं धरून ठेवलंय, ते कसं, हे बरेच दिवस लिहायचं होतं.

२०११ साली मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एम.ए. करत होतो. विद्यापीठाजवळ तिघांत एक खोली होती. तिघांतला एक पुण्याला जाऊन आला की पेन ड्राइव्हभर गाणी आणायचा. एका रात्री लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली आणि त्यानं फ्लीट फॉक्सेस लावलं. एकटा आवाज चार शब्द म्हणतो. मग तेच शब्द दुसरा आवाज घेतो, मग आणखी एक. आणि मग सगळे मिळून गायला लागतात, पण एका सुरात नाही. मी अंथरुणात उठून बसलो.

आपल्याकडं पन्नास माणसं गातात तेव्हा पन्नासांचा सूर एकच असतो. बायका असल्या तर त्या वरच्या सप्तकात, पण सूर तोच. शेजारच्याहून वेगळा सूर लागला तर तो चुकला. इथं मात्र एक जण षड्जावर (सा) उभा, दुसरा गंधारावर (ग), तिसरा पंचमावर (प). कुणीच कुणाच्या मागं जात नव्हतं. तंबोऱ्याची एकही तार गंधारात लावलेली नसते, तरी तारा नीट जुळल्या की खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या तारेतून, गंधार आपोआप उमटतो. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्या रात्री मला माणसांच्या गळ्यांतून तसलं काहीतरी ऐकू आलं. तीन आवाज चालू होते आणि कानाला चौथाही भासत होता.

मग आम्ही त्यांचं मिळेल ते वाचून काढलं. बँडचा मुख्य गायक रॉबिन पेकनोल्ड आणि गिटार वाजवणारा स्कायलर शेलसेट हे सिएटलशेजारच्या कर्कलंडचे शाळासोबती. २००८ मध्ये आधी पाच गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका आणि जूनमध्ये बँडच्याच नावाचा पहिला अल्बम. पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळानं त्या दोन्हींना मिळून त्या वर्षीचं सर्वोत्तम काम ठरवलं. अल्बमवर ब्रॉयगेल या जुन्या चित्रकाराचं १५५९ मधलं चित्र आहे. एकाच गावात शंभराहून जास्त फ्लेमिश, म्हणजे आताच्या बेल्जियमकडच्या, म्हणी रंगवलेल्या. वासरू बुडून मेल्यावर विहीर बुजवणारा माणूस त्यात सापडला तेव्हा आम्ही तिघंही एकदम म्हणालो, "बैल गेला अन् झोपा केला!"

त्या वर्षी आम्हीही गायला लागलो. गिटार एकच, ती पुण्यावाल्याची. ओव्यांना आम्हीच चाल लावली आणि ती तीन सुरांत बसवली. मला मधला, गंधाराचा सूर मिळाला. तो फार अवघड. खालचा आणि वरचा दोघंही ओढतात आणि आपल्याला मध्ये न हलता उभं राहायचं असतं. दोन महिने रोज रात्री गच्चीवर. एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात गायलो. परीक्षकांनी अर्ध्यात थांबवलं आणि माइकवरूनच सांगितलं, "आधी तिघांनी एक पट्टी ठरवा." पट्टी एकच होती. पेटीवरची काळी दोन. हे सांगायची संधीही मिळाली नाही. ती गोष्ट मला आजही लागते.

बँडचा दुसरा अल्बम आला तोही त्याच २०११ मध्ये. ग्रॅमीला नामांकन मिळालं. आणि २०१२ च्या जानेवारीत त्यांचा ड्रमर जोश टिलमन बाहेर पडला. ड्रम वाजवता वाजवता तो मागून सूरही धरायचा. पुढं फादर जॉन मिस्टी या नावानं तो स्वतः पुढं उभा राहून गायला लागला आणि मोठा झाला. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मागच्या रांगेतला एक गळा गेला की तिथं दुसरा माणूस आणून उभा करता येतो, तो आवाज आणता येत नाही. आण्णांच्या शेजारचे एक टाळकरी गेले तेव्हा कितीतरी महिने ती रांग मला भकास ऐकू यायची.

नंतर बँड गप्प झाला. पेकनोल्ड न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. एवढं नाव झाल्यावर माणूस पुन्हा वर्गात जाऊन बसतो, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. आमचंही तिघांचं फुटलं. एक पुण्याला कंपनीत, एक नांदेडला कृषी सेवा केंद्रावर. मी डी.एड. होऊन भरतीची वाट बघत खाजगी क्लासवर. त्यांचा तिसरा अल्बम २०१७ मध्ये आला, सहा वर्षांनी. तो मला जड गेला, अजूनही जातो. २०१९ ला शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून मी शिक्षणसेवक म्हणून लागलो.

चौथा अल्बम २२ सप्टेंबर २०२० चा. दिवस-रात्र समान होण्याचा क्षण धरून तो प्रसिद्ध केला, आपल्याकडचे संध्याकाळचे ७ वाजून १ मिनिट. शाळा बंद होत्या. मी गच्चीवर रेंज शोधत बसलो होतो. पहिलं गाणं सुरू झालं आणि आवाज पेकनोल्डचा नाहीच. उवाडे नावाच्या तरुण गायिकेचा. स्वतःच्या अल्बमचं दार दुसऱ्याच्या हातानं उघडायचं, याला मोठं मन लागतं. पुढं एका गाण्यात मागून जो समुदाय गातो, तो इन्स्टाग्रामवरून शेकडो चाहत्यांकडून मागवलेल्या आवाजांचा आहे. बंद घरांत बसलेली माणसं आणि त्यांची अशी रांग!

त्याच रात्री आम्ही तिघांनी व्हिडिओ कॉलवर गाऊन बघितलं. जमलं नाही, आवाज उशिरा पोचतो, प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबत बसतो. मग पुण्याहून षड्ज रेकॉर्ड होऊन आला. तो एका कानात ठेवून मी गंधार गायला आणि दोन्ही नांदेडला पाठवले. त्यानं पंचम घातला. त्याच्या आवाजामागं कुकरची शिट्टी आहे. ती आम्ही काढली नाही.

आता माझ्याकडं चौथीचा वर्ग आहे. गेल्या महिन्यापासून परिपाठ झाला की दहा मिनिटं मुलांच्या तीन रांगा करतो. शब्द सगळ्यांना येणारे, "ज्ञानोबा माउली तुकाराम". पहिली रांग सुरू करते, ती "माउली"वर आली की दुसरी, मग तिसरी. पहिल्या दिवशी दुसऱ्या फेरीतच तिन्ही रांगा एक झाल्या. लेकरांना चुकल्यासारखं वाटतं आणि ती शेजारच्या सुरात जाऊन मिसळतात. मग एकमेकांकडं पाठ करून बसवलं, पेटीवर प्रत्येक रांगेला तिचा सूर दाबून दिला. तरी मधली रांग घसरायचीच.

मधल्या रांगेत एक मुलगी आहे. तिनं तक्रार केली, "सर, ही माझा सूर वढायलीय." तिला म्हटलं, एका कानावर हात ठेव आणि स्वतःचाच आवाज ऐक. तिनं डोळे मिटले, कोपर वर केला आणि गंधार धरला. बाकीची रांग हळूहळू तिच्या मागं आली. तीन फेऱ्या पूर्ण झाल्या. पत्र्याच्या वर्गात तो सूर क्षणभर असा दाटला की तिनं डोळे उघडून वर पाहिलं.

शनिवारी शाळा सुटताना ती परत आली. तिला आता पंचम हवाय. आणि मधल्या रांगेत तिच्या जागी कुणाला उभं करायचं, तेही तिनं ठरवलंय. ती ओढणारीच.