जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे हो अण्णा

आमच्या अण्णांना आयुष्यभर वाटत होतं की जामीनदार म्हणजे साक्षीदाराचाच मोठा भाऊ. म्हणजे कुणीतरी कर्ज घेतंय, आपण सांगायचं की हा माणूस चांगलाय, आमच्या गल्लीत राहतो, सही करायची, चहा प्यायचा, घरी यायचं. शेजारच्या मामांचे चार यंत्रमाग होते, टॉवेल काढायचे, त्यांनी एका पतसंस्थेतून दोन लाख काढले तेव्हा अण्णांनी अशीच सही केली. आई म्हणाली पण होती की कशाला, तर "नुसती सही करलालोय गं, पैसे थोडीच देलालोय" हे उत्तर. अण्णा तेव्हा शाळेत क्लार्क होते, पक्का पगार, म्हणून तर मामा आमच्याकडे आले होते हे आम्हाला फार नंतर कळलं.

पुढचं सांगायची गरज नाही खरं तर. धंदा बसला, माग भंगारात गेले, मामा बिऱ्हाड घेऊन भिवंडीला गेले आणि नोटीस आली आमच्या पत्त्यावर. त्यात मामांचं नाव एक नंबरला, अण्णांचं दोन नंबरला आणि पुढे लिहिलेलं, "वैयक्तिक व संयुक्तिक जबाबदार". अण्णांना वाटलं संयुक्तिक म्हणजे अर्धं अर्धं. वकिलांकडे गेलो तर ते म्हणाले, अर्धं नाही, प्रत्येकाकडून पूर्ण. १८७२ चा करार कायदा, कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आणि आधी कर्जदाराच्या मागे लागा, त्याचं सगळं विका, मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही, करारात तसं लिहिलेलं असेल तरच. ज्याच्याकडून पैसे निघतील त्याला धरतात, आणि पगार अण्णांचा चालू होता.

मग "एकशे एक" हा शब्द घरात आला. सोलापुरात पतसंस्थेच्या भानगडीत सापडलेल्या कुणालाही विचारा, "१०१ झालं का?" एवढंच विचारतात. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधक, म्हणजे सहकार खात्याचे अधिकारी, वसुली दाखला देतात, कोर्टात वर्षानुवर्षं दावा चालवायची गरजच नाही, दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. आमच्यावर जप्ती नाही आली, पगारातून कपात सुरू झाली, व्याज धरून एक लाख चाळीस हजार गेले. कायद्याने ते पैसे मामांकडून मागायचा हक्क अण्णांना आहे. हक्क आहे, मामांचा फोन नंबर नाही.

तेव्हापासून मला या शब्दांचं वेडच लागलं म्हणा ना. त्यातला माझा आवडता शब्द नजरगहाण. कुणी काढलाय माहीत नाही पण काय शब्द आहे! सोनं तारण ठेवलं तर ते बँकेच्या तिजोरीत जातं, पण माग बँकेत नेऊन कसा ठेवणार, म्हणून वस्तू तुमच्याकडेच, वापरा, कमवा, फक्त बँकेची नजर त्याच्यावर. मामांचे माग असेच नजरगहाण होते आणि नजर चुकवून भंगारात गेले.

दुसरा दामदुप्पट. हा शब्द ऐकला की आपल्याला स्कीमवाले आठवतात, अमुक वर्षात पैसे डबल, मग एक दिवस ऑफिसला कुलूप. पण जुन्या हिंदू कायद्यात दामदुप्पट म्हणजे नेमकं उलटं, सावकाराला लगाम. एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही, शंभर दिले तर मुद्दल आणि व्याज मिळून दोनशेच्या वर नाही. मुंबई इलाख्यातली कोर्टं इंग्रजांच्या काळातही हे मानत होती. कर्जदाराला वाचवणारा शब्द ठेवीदाराला बुडवणाऱ्यांच्या बोर्डावर जाऊन बसला, याचं मला अजून हसू येतं आणि रागही येतो. (आज बँकेत जाऊन दामदुप्पट म्हणू नका, तुम्हाला एफडीचा फॉर्म देतील.)

नॉमिनीचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर घराघरात भांडणं आहेत. एफडीवर नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बँकेकडून पैसे हातात घेणारा, पुढे ते वारसांचे. विम्यातही तसंच होतं, १९८३ ला सुप्रीम कोर्टाने तसं सांगितलं होतं, पण २०१५ ला विम्याचा कायदा बदलला, आता आईवडील, नवरा-बायको, मुलं यांना नॉमिनी केलं तर ते पैसे साधारण त्यांचेच. एफडीला ते लागू नाही. आमच्या आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली मग फॉर्मवर नाव कशाला विचारतात बे, आणि तिचंही चूक नाही.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. मामेभाऊ आला (आईच्या भावाचा पोरगा, शेजारच्या मामांचा नव्हे), गाडी घ्यायचीय, फायनान्सवाला एक माणूस मागतोय. अण्णा आता शहाणे झालेत, चष्मा लावला आणि पहिलाच प्रश्न, "जामीनदार हाय का?" तो म्हणाला, "नाही हो अण्णा, जामीनदार नकोच, नुसतं सहकर्जदार." अण्णांचा चेहरा एकदम सैल झाला, सह म्हणजे सोबत, भाच्याच्या सोबत राहायला काय जातंय, आणि पेन उघडला सुद्धा. मी अक्षरशः हातातून काढून घेतला. सहकर्जदार म्हणजे स्वतःच कर्जदार, पहिल्या हप्त्यापासून, एक हप्ता चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीचं प्रगतिपुस्तक, अण्णांचंही खराब.

मामेभाऊ तोंड पाडून गेला. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हती, तिच्या भावाच्या पोराला चहासुद्धा न पाजता पाठवला म्हणून.