सर, विहीर खणली कुणी?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी सहावी-सातवीला मराठी आणि समाज शिकवतो. तीन वर्षांपूर्वी सातवीच्या २३ मुलांना 'जलप्रदूषण' हा प्रकल्प दिला होता. २३ फाइली आल्या. सुरेख बॉर्डर, रंगीत चित्रं, आणि आत जवळजवळ सगळीकडे तीच वाक्यं. बरीचशी मोबाइलवरून उतरवलेली, काही बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून चिकटवलेली. एका हुशार मुलीच्या फाइलीत 'निलंबित घनपदार्थ' असं लिहिलं होतं. मी विचारलं, "म्हणजे काय गं?" ती खाली बघत उभी राहिली. तिचं काही चुकलं नव्हतं. विषयच मी असा दिला होता की उतरवण्यापलीकडे तिला काही करता येणार नव्हतं.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खूप विचार केला. जे मूल पाठ्यपुस्तकाबाहेरचं एक पानही स्वतःहून वाचत नाही, त्याच्याकडून चार ठिकाणची माहिती वाचून स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची अपेक्षा कशी धरायची? म्हणून पुढच्या जूनमध्ये आधी वाचन सुरू केलं. प्रकल्पाचं नाव काढलं नाही.

पुस्तकं शाळेत होती, पण कुलपात. पुस्तक हरवलं तर शिक्षकाच्या अंगावर येतं, ही भीती आमच्याकडे सगळ्यांना आहे आणि ती खोटी नाही. हेडसरांना मी लिहून दिलं की हरवलेल्या पुस्तकाचे पैसे मी भरीन. मग चाळीसेक पुस्तकं काढून वर्गात दोरीवर टांगली. सकाळचं दूध पिऊन झालं की वीस मिनिटं वाचायचं. सारांश लिहायचा नाही, तात्पर्य सांगायचं नाही, परीक्षेत काही विचारणार नाही. आवडलं नाही तर पुस्तक बदलायचं. एका पानावर पाच शब्द अडले तर ते पुस्तक सध्या आपलं नाही, दुसरं घ्यायचं. आणि मीही वाचत बसायचं. हे शेवटचं पाळणं सर्वांत अवघड गेलं, कारण हजेरी, माहिती भरणं, मेसेजना उत्तरं, सगळी कामं नेमकी त्याच वीस मिनिटांत आठवतात. पण मी मान वर केली की मुलंही वर करतात, हे दोन दिवसांत कळलं.

पहिले तीन आठवडे नुसती पानं उलटली गेली. मग भाताची लावणी आली आणि निम्मा वर्ग शेतात गेला. जुलैअखेर मुलं परतल्यावर एक मुलगा मला म्हणाला, "सर, ते माझं पुस्तक कुणी घेतलं?" 'माझं' म्हणाला, त्यानं मला फार बरं वाटलं. बालभारतीचे 'किशोर' मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत, त्यातल्या काही गोष्टी मी छापून आणल्या. एक मुलगा वर्तमानपत्रातल्या क्रिकेटच्या पानाशिवाय काहीच वाचायचा नाही. मी तेच वाचू दिलं. दोन मुलांना मात्र वर्षअखेरपर्यंत गोडी लागली नाही. त्यांना अक्षरांचीच अडचण होती, आणि ते काम वेगळं आहे.

ऑगस्टमध्ये सहल बेळगावला नेली. किल्ल्यातली कमल बस्ती पाहिली आणि टिळकवाडीतली काँग्रेस विहीर. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनात. तिथे जमणाऱ्या हजारो लोकांना पाणी हवं म्हणून ही विहीर खणली. एवढं मी सांगितलं. कठड्याला टेकलेला एक मुलगा म्हणाला, "पर सर, खणली कुणी?" त्याचे वडील विहिरी-बोअरच्या कामाला जातात. मला उत्तर देता आलं नाही. "आपण शोधू या," एवढंच म्हणालो.

गावी परतताना बसमध्येच विषय ठरला: आपल्या गावातल्या विहिरी. नळ आल्यापासून त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. अशा सात विहिरी निघाल्या. तिघा-चौघांचा एक गट, एका गटाला एक विहीर आणि एकच प्रश्न. 'विहिरीची माहिती' हा प्रश्न नव्हे, हे समजावण्यात आठवडा गेला. 'हिचं पाणी पिणं कधी बंद झालं?', 'हिच्यावर पाणी कोण भरायचं आणि कुणाला भरू देत नव्हते?' असे प्रश्न हळूहळू आले. हा दुसरा प्रश्न एका मुलीनं घरून आणला होता. तो ठेवायचा का, यावर शाळेत चर्चा झाली. मी ठेवला.

त्यानंतरचं सगळं काम चिठ्ठ्यांवर चाललं. कागदाचे चार तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यावर वर लिहायचं: कुणी सांगितलं किंवा कुठे वाचलं, कोणत्या तारखेला. खाली एकच गोष्ट. पुस्तकातली असेल तर पुस्तक मिटायचं, शेजारच्याला तोंडी सांगायचं आणि मगच लिहायचं. मिटलेल्या पुस्तकातून उतरवता येत नाही, त्यामुळे वाक्य आपोआप मुलांचं होतं. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे हवे असतील तर अवतरणचिन्हात. आज्जीची बोली शुद्ध करून लिहायची का, असं मुलांनी विचारलं. मी सांगितलं, अवतरणात आज्जी बोलली तशीच राहील. आमच्या मुलांना आपली बोली शाळेत चालत नाही असंच आजवर वाटत होतं, म्हणून हा नियम मला महत्त्वाचा वाटतो.

एका मुलाची पहिली चिठ्ठी अशी होती: 'विहीर खूप वर्षांपूर्वी खोल केली.' मी त्याला परत पाठवलं. आज्जीला साल विचारू नकोस, त्या वेळी काय काय घडलं ते विचार. दुसऱ्या दिवशी त्यानं लिहून आणलं: "कोयनेचा भूकंप झाला तवा माझा थोरला रांगत होता. पाटं मांडणीवरची भांडी पडली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बाव खोल केली." मग त्यानं तारीख शोधली. भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला झाला, आणि तोही पहाटे. आज्जीनं सांगितलेली पहाट जुळल्याचं पाहून तो उडालाच. म्हणजे विहीर १९६७ च्या उन्हाळ्यात खोल केली. आज्जीची आठवण कशी पडताळायची हे त्याला यातून कळलं, आणि आज्जीच्या बोलण्याला किती किंमत आहे हेही.

दुसऱ्या गटाच्या विहिरीवर चुना फासलेला दगड होता. मुलांनी तो धुतला, वर कागद धरून पेन्सिल घासली. 'शके १८' स्पष्ट उमटलं, शेवटचा २ ही उमटला, पण मधला आकडा झिजलेला. २ की ३? शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं. १८२२ असेल तर १९००, १८३२ असेल तर १९१०. १८९९-१९०० मध्ये मोठा दुष्काळ पडला होता, असं मी सांगितल्याबरोबर सगळ्यांना १९०० च हवं झालं, कारण मग गोष्ट छान जुळत होती. त्या दिवशीचा पूर्ण तास यातच गेला. शेवटी गटातल्या सर्वांत लहान मुलीनं लिहिलं: 'आकडा नीट वाचता येत नाही. साल १९०० किंवा १९१० असेल. दुष्काळात खणली असं कुणी सांगितलेलं नाही.' सातवीतल्या मुलीला खात्री नसेल तिथे थांबता येतं, हे मी प्रथमच पाहिलं.

जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. आमच्या मुलांना कन्नड म्हणजे पास व्हायचा पेपर. कन्नडच्या टीचरनी एका गटाला स्वतः वाचायला बसवलं, एकेक अक्षर लावत. 'बावि', म्हणजे विहीर, हा शब्द लागला आणि एक मुलगी ओरडली, "टीचर, माझी आज्जी बी बावच म्हणती की!" सीमाभागात भाषेवरून मोठी माणसं किती वर्षं भांडत आली आहेत, ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मराठी शाळा टिकावी म्हणून मीही धडपडतो. पण आमच्या मुलांच्या गावाचा इतिहास मराठी आठवणीत, कन्नड उताऱ्यात आणि बेळगावच्या १८८४ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, विखुरलेला आहे, आणि त्यांना तो तिन्हीकडून गोळा करता यायला हवा. गॅझेटियर मी वाचून समजावलं. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड इंटरनेटवर आहेत. त्यातली भाषा जड जाते, पण नोंद कशी असते ते मुलांनी पाहिलं.

लिहायला डिसेंबर उजाडला. पहिल्या खर्ड्यात सातांपैकी पाच गटांनी सुरुवात 'पाणी हे जीवन आहे' अशीच केली. ती ओळ खोडा आणि तुमच्या सर्वांत चांगल्या चिठ्ठीपासून सुरू करा, असं सांगितलं. खर्डा मोठ्यानं वाचायचा, ऐकणाऱ्यांनी फक्त 'हे कशावरून?' एवढंच विचारायचं. चिठ्ठी दाखवता आली तर वाक्य राहायचं, नाहीतर जायचं. तीन वेळा लिहून झालं. जोडाक्षरांच्या चुका मी शेवटी दुरुस्त केल्या.

आणि खणणारे? सातांपैकी दोन विहिरींच्या खणणाऱ्यांची नावं मिळाली. दोन्ही ठिकाणी ती त्यांच्या नातवंडांनी सांगितली, कागदावर कुठेच नव्हती.

फेब्रुवारीत सगळं शिवून एक पुस्तक केलं, ६४ पानी. ग्रंथालयाच्या रजिस्टरमध्ये रीतसर नोंदवलं आणि दोरीवर टांगलं. शेवटची चार पानं मुद्दाम कोरी ठेवली होती. मार्चमध्ये एक आजोबा काठी टेकत शाळेत आले. आपल्या वाड्यापुढच्या विहिरीच्या खणणाऱ्याचं नाव चुकलंय म्हणाले, तो थोरला भाऊ, खणली धाकट्यानं. क्रिकेटचं पान वाचणाऱ्या मुलानं पुस्तक दोरीवरून काढलं, कोरं पान उघडलं, वर आजोबांचं नाव आणि तारीख लिहिली आणि म्हणाला, "आजोबा, आता सावकाश सांगा."