रिकाम्या काचपट्ट्या

परवा रात्री भाच्याचा फोन आला. तो मिरजेत एमडी करतोय. "मावशी, जेएसबी नेमकं कसं करायचं गं? आमच्याकडं सगळे किटच वापरतात."

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली, पण हिवतापाचे जंतू दिसावेत म्हणून काचपट्टीवरच्या रक्ताला द्यायचा हा रंग विसरणं शक्यच नाही. रक्ताचा जाड थेंब आधी साध्या पाण्यात ठेवायचा, त्यातला लालपणा निघून जाईपर्यंत. मग वाळवायचा. लाल रंगात एक बुडी, लगेच पाणी, मग निळ्या रंगात अर्धा-पाऊण मिनिट, परत पाणी. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या आपल्याच दोन शास्त्रज्ञांनी १९४४ साली हा रंग काढला. त्यांच्या नावांची आद्याक्षरं म्हणजे जेएसबी. स्वस्त आणि झटपट. देशभरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची हिवतापाची तपासणी कित्येक वर्षं या दोन बाटल्यांवर चालली.

एवढं कशाला हवंय म्हणून विचारलं, तर म्हणाला, लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन अँड हायजीनकडं अर्ज करायचाय. तरुण संशोधकांना ते छोटी अनुदानं देतात. बाहेरगावाहून सणाला घरी येणाऱ्या माणसांबरोबर हिवताप गावात येतो का, हे त्याला आपल्या भागात तपासायचंय.

ही संस्था १९०७ सालची. पहिले अध्यक्ष पॅट्रिक मॅन्सन, त्यांच्यानंतर रोनाल्ड रॉस. मॅन्सननी १८७७ मध्ये चीनमध्ये हत्तीरोगाचे जंतू डासाच्या पोटात वाढताना पाहिले आणि पुढं रॉसना हिवतापासाठी त्याच वाटेला लावलं. लंडनहून इकडं पत्रं लिहून. संस्थेचं मूळ काम आजही तेच आहे असं मला वाटतं: एकानं पाहिलेलं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं, आणि त्यानं ते पुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं.

रॉसची गोष्ट प्रशिक्षणात आम्हाला सांगितली होती. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद. डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना हिवतापाच्या जंतूची काळी कणी दिसली. पण त्याआधीची दोन वर्षं ते डास फाडत होते आणि हाती काही लागत नव्हतं. घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. डास उडून जातील म्हणून पंखाही ओढू देत नसत. ज्या डासांनी हे रहस्य उलगडलं, ते हुसेन खान नावाच्या रुग्णाला चावले होते. दर डासामागं त्याला एक आणा मिळाला. बोट पुढं करणाऱ्या प्रत्येक माणसाला मी हुसेन खानच मानत आले.

विट्याच्या अलीकडं एका आरोग्य केंद्रात मी एकवीस वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. वर्षाला लोकसंख्येच्या दहा टक्के रक्तनमुने हवेत, असा नियम. तीस हजार लोकसंख्या म्हणजे तीन हजार काचपट्ट्या. डाव्या हाताचं अनामिकेचं बोट, एक टोच, एक जाड थेंब, एक पातळ लेप. जाड थेंब इतकाच जाड हवा, की काचेखाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता आली पाहिजेत. वाळत ठेवल्या की मुंग्या येतात, रक्त खाऊन टाकतात. म्हणून ट्रेचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मग तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पट्टीची शंभर क्षेत्रं. आणि काहीच नाही. महिनेच्या महिने निरंक. नव्या आरोग्य सेवकाला पटकन वाटायचं, की हे सगळं कागद भरण्यासाठी चाललंय.

मलाही तसं वाटलं असतं, पण एक दिवाळी आली. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. सोनं-चांदी गाळायची दुकानं कुठल्या राज्यात नाहीत? ती सगळी दिवाळीला, यात्रेला घरी येतात. त्या वर्षी ओडिशाहून आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला त्याची आई घेऊन आली. "मॅडम, चार दीस झालं, ताप उतरंना. एका ठिकाणी दावलं, व्हायरल हाय म्हनलं. गोधडीत बी निस्तं थरथर कापतंय." पोरगा कुठून आलाय, हे त्याला तिथं कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्याच क्षेत्रात दिसलं. निळं बारीक कडं आणि त्यावर लाल ठिपका, खड्याच्या अंगठीसारखं. पुढं सरकवलं तर आणखी चार. आणि एका कडेला चंद्रकोर. फॅल्सिपॅरम, हिवतापाचा घातक जंतू. मेंदूपर्यंत जाणारा हाच. मी रजिस्टरवर लिहायच्या आधी डॉक्टरांकडं पळाले. तीन दिवस एसीटी, म्हणजे हिवतापाची जोड-औषधं, दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस. प्रायमाक्विन त्या चंद्रकोरीसाठी, कारण डास माणसाच्या रक्तातून तीच उचलून नेतो. पोरगा वाचला. मग त्या गल्लीतल्या घराघरात आम्ही काचपट्ट्या घेतल्या. सगळ्या निरंक. त्या निरंक पट्ट्यांनी मला जेवढं सुख दिलं, तेवढं कशानं दिलं असेल, आठवत नाही.

भाच्याला मी हे सांगितलं, आणि जुने आकडेही. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, आठ लाख मरायचे. डीडीटीची फवारणी आणि काचपट्ट्या यांच्या जोरावर १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखावर आले. मग ढिलाई आली. डासांना डीडीटी पचायला लागलं, पैसा आटला, आणि जिथं काही सापडत नव्हतं तिथं पाहायचं कमी झालं. १९७६ मध्ये रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. आता २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करायचं ठरलंय. होईल, मला खात्री आहे. पण शेवटची वर्षं म्हणजे रिकाम्या काचपट्ट्यांचीच वर्षं असणार, आणि ती बघणाऱ्याला जागं राहावं लागेल. आमच्या भागात तर टेंभू उपसा योजनेचं पाणी आलंय. माळाला हिरवं बघून डोळे भरून येतात, पण कालव्याच्या कडेला साचलेल्या पाण्यात काय वाढतंय तेही कुणीतरी बघायला हवं.

रविवारी तो घरी आला. काचपट्ट्या, टोचायच्या लॅन्सेट, स्पिरिट, सगळं घेऊन. बोट त्यानं स्वतःचंच पुढं केलं. पहिला थेंब घेतला, कोपऱ्यानं गोल पसरवला, वाळू दिला. मी टेबलावरचं वर्तमानपत्र त्याखाली सरकवलं. अक्षरं दिसेनात.

"जाड झालाय," मी म्हटलं.

त्यानं दुसरी लॅन्सेट फोडली.