केळीच्या बागेत २४ व्होल्ट एसीवर कॅमेरा आणि राउटर : माझा अनुभव

आमचं शेत चोपडा तालुक्यात, तापी आणि सातपुड्याच्या मधल्या पट्ट्यात. विहिरीजवळच्या शेडपासून मागची केळी दीडशे मीटरवर आहे. तिथल्या बोअरची केबल चोरांनी दोन वर्षांत दोनदा कापून नेली. दुसऱ्या वेळी ऐन एप्रिल, बाग निसवणीवर (घड बाहेर पडायच्या वेळी) आणि आठ दिवस पाणी बंद. त्या दिवसांत अप्पा जेवत नव्हते. तेव्हाच ठरवलं, मागे कॅमेरा बसवायचाच.

कॅमेरा १२ व्होल्ट डीसीचा, शेडमधलं वायफाय पकडणारा छोटा राउटरही १२ व्होल्टचा. दोन्ही मिळून दहा वॅट. खरी अडचण वीज तिथवर न्यायची होती. २३० व्होल्टला अप्पांनी साफ नकार दिला आणि ते बरोबरच होतं. ठिबकमुळे जमीन कायम ओली, निंदायला बाया अनवाणी, विळ्याचा एक फटका केबलवर बसला तर?

पण ठिबकच्या ऑटोमेशनची मल्टिकोर केबल आधीच जमिनीखालून तिथवर गेलेली होती. व्हॉल्व्हचे सोलेनॉइड (विजेवर व्हॉल्व्ह उघडणारी कॉइल) २४ व्होल्ट एसीवर चालतात. त्या केबलमध्ये दोन तारा मोकळ्या होत्या. म्हणजे २४ व्होल्ट एसी शेवटपर्यंत न्यायची, तिथे चार डायोडच्या (डायोड म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) ब्रिज रेक्टिफायरने तिची डीसी करायची, कंडेन्सरने सपाट करायची आणि बक कन्व्हर्टरने १२ वर उतरवायची. थेट १२ व्होल्ट डीसी पाठवली असती तर एवढ्या लांब बारीक तारेत निम्मीअर्धी रस्त्यातच गेली असती.

पहिल्यांदा मी ठिबकच्या कंट्रोलरच्याच ट्रान्सफॉर्मरवरून वीज घेतली. डब्यात जागा कमी, म्हणून डीसीची मायनस आणि व्हॉल्व्हची कॉमन (सगळ्या व्हॉल्व्हना सामाईक) तार एकाच कनेक्टरमध्ये घातली. दोन्ही ‘कॉमन’च, असं मला वाटलं. लगेच फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही गेला. ब्रिजची मायनस आणि एसीची कुठलीही तार यांच्यामध्ये एक डायोड असतो. त्या जोडल्या की तो डायोड शॉर्ट होतो आणि समोरचा डायोड अर्ध्या सायकलला थेट ट्रान्सफॉर्मरवर येतो. हे समजल्यावर मी २४ व्होल्ट, दोन अँपियरचा वेगळा ट्रान्सफॉर्मर आणला, तो मोकळ्या दोन तारांनाच जोडला आणि व्हॉल्व्हच्या कॉमनशी त्याचा संबंधच ठेवला नाही.

दुपारी जोडणी केली. ब्रिजनंतर, राउटर-कॅमेरा जोडण्याआधी, मल्टिमीटरवर ३१.८ आले. कंडेन्सर ३५ व्होल्टचा, बक मॉड्यूल ४० व्होल्टपर्यंत चालणारं. पुरेसं आहे असं धरून मी डबा बंद केला. संध्याकाळी मोबाइलवर बोअरचं चित्र दिसलं तेव्हा अप्पांनी फोन हातात धरून बराच वेळ पाहिलं.

पहाटे तीनला चित्र गेलं. सकाळी डबा उघडला तर कंडेन्सरची टोपी फुगून फुटलेली, आत पिवळट कागद बाहेर आलेला, आणि तो आंबूस, जळका वास. मॉड्यूलही गेलं होतं.

चोपड्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक नाना आहेत. त्यांनी कंडेन्सर उलटा करून वाचला आणि एकच विचारलं, “भाऊ, तुना लाईन रातले कितला व्होल्ट शे?” म्हणजे रात्री तुझ्या लाइनला किती व्होल्ट असतात?

हे मी मोजलंच नव्हतं. त्या रात्री मीटर घेऊन शेडवर बसलो. दुपारी सगळ्या मोटारी चालू असल्या की आमच्याकडे २०० व्होल्ट येतात. रात्री मोटारी बंद झाल्यावर काटा २५४ वर गेला. ट्रान्सफॉर्मरवर २४ लिहिलेलं असतं ते पूर्ण लोडचं. मोकळा असताना माझा २३० ला २७ देतो आणि २५४ ला जवळजवळ ३०. त्यात एसीचे व्होल्ट आरएमएस (एक प्रकारची सरासरी) असतात, कंडेन्सर मात्र शिखरापर्यंत भरतो. ३० गुणिले १.४१४ म्हणजे ४२, त्यातून दोन डायोडचे सव्वा-दीड व्होल्ट वजा. ४१ च्या जवळ. राउटर-कॅमेऱ्याचा लोड एवढा कमी की रात्री तो आकडा फारसा खाली आणत नाही. ३५ चा कंडेन्सर टिकणारच नव्हता.

मग नानांनी सांगितलं तसं सगळं बदललं. कंडेन्सर ६३ व्होल्टचा, ४७०० मायक्रोफॅरडचा. मॉड्यूल एचव्ही (जास्त व्होल्टचं), ६० व्होल्टपर्यंत घेणारं. ब्रिज केबीपीसी ३५१०, मधे भोक असलेला तो चौकोनी ठोकळा. एवढ्या कमी करंटला गरजेपेक्षा कितीतरी मोठा, पण मेच्या उन्हात बंद डब्यात गरम होत नाही. शेडमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर येणाऱ्या तारेवर एक अँपियरचा फ्यूज. मॉड्यूल आधी घरी मीटरवर १२.० ला सेट केलं, मग राउटर जोडला. हा क्रम चुकवू नका, कारण नव्या मॉड्यूलचा स्क्रू कुठे फिरवलेला असेल सांगता येत नाही.

आणखी एक अडचण आली ती मुंग्यांची. डब्याच्या केबल ग्लँडमधून (केबल आत येते त्या तोंडातून) त्या आत शिरल्या आणि मॉड्यूलखाली माती रचली. आता ग्लँडला सिलिकॉन भरतो आणि डबा खोडाला न बांधता लोखंडी पाइपवर, छातीएवढ्या उंचीवर ठेवतो.

पावसाळा गेला, कांदेबागेची, म्हणजे केळीची पावसाळ्यानंतरची, लागवडही झाली. कॅमेरा चालू आहे. डब्याच्या झाकणाला आतून मी मार्करने दोन आकडे लिहून ठेवलेत, दुपारी ३२, रात्री ४१. अप्पा झोपण्याआधी एकदा फोन मागून घेतात आणि बोअर बघतात.