हातचा एक

काल दुपारी दोन तास घालवून मी एक ठोकळा वाचवला. माइनक्राफ्टमध्ये, त्या ठोकळ्यांनी बांधायच्या व्हिडिओ गेममध्ये. रेडस्टोनचं, म्हणजे तिथल्या तारेसारख्या संकेत वाहणाऱ्या भुकटीचं, बेरजेचं यंत्र बांधत होते, आठ बिटांचं (बिट म्हणजे शून्य किंवा एक, दिवा बंद किंवा चालू), आणि प्रत्येक बिटाचा कप्पा आणखी एका ठोकळ्याने अरुंद करायचा होता. तिथे जागेला तोटा नाही, डोंगरच्या डोंगर रिकामे पडलेत. तरीही.

रेडस्टोनच्या भुकटीची एक खोड आहे. शेजारी दुसरी भुकटी आली की आपणहून जाऊन चिकटते. माझी बेरजेची ओळ आणि हातच्याची ओळ अशाच चिकटल्या, आणि यंत्राने एक अधिक एक तीन असं ठणकावून सांगितलं. एकाचा आणि दोनाचा, दोन्ही दिवे लख्ख! शेवटी मधे रिपीटर घातला, म्हणजे संकेत पुढे पाठवणारा तुकडा. तो आजूबाजूच्या भुकटीशी संबंध ठेवत नाही, पण एक टिक खातो. टिक म्हणजे सेकंदाचा दहावा भाग.

हातचा हा शब्द लहानपणी मी अगदी शब्दशः घेतला होता. उजव्या हातात पेन्सिल, डाव्या हाताचं एक बोट मिटलेलं. बाई सांगायच्या, वर बारीकसा एक लिही. मला ती लबाडी वाटायची. हातचा तो हातातच हवा. एकदा शेजारणीने खोडरबर मागितला, मी डाव्या हाताने दिला, आणि एक गेला. उत्तर दहाने चुकलं. बाईंना काय सांगणार? खोडरबराबरोबर गेला म्हणून?

तर संध्याकाळी २५५ अधिक १ करून पाहिलं. आधी २५५ चे आठही दिवे पेटले. मग उजवीकडून एकेक विझत गेला. प्रत्येक कप्प्यात रेडस्टोनच्या दोन टॉर्च आणि तो रिपीटर, प्रत्येकी एक, मिळून तीन टिक. आठ कप्प्यांचे जवळजवळ अडीच सेकंद. यापेक्षा कितीतरी वेगवान रचना लोक करतात, मला ठाऊक आहे. पण त्यांत हातचा असा चालत जाताना दिसत नाही.

शेवटचा दिवा विझला आणि मी उरलेल्या हातच्याच्या नवव्या दिव्याची वाट पाहत बसले. मग आठवलं, नववा दिवा जागा वाचवताना मीच काढला होता. यंत्राचं उत्तर: शून्य.

असू दे. एवढ्या मोठ्या बेरजा तिथे कोण करणार आहे!